वीस चिंचांची यादी

आमच्या मराठी मंडळाने झाडं वाचवायची ठरवली, त्या दिवशी खरं तर झाडांनी पळून जायला हवं होतं. पण झाडांना पाय नसतात, आणि आमच्याकडे युवा शाखा होती.

मंडळ म्हणजे काय ते आधी सांगते. चामराजपेटेतली आम्ही जुनी मराठी घरं. कोण कधी आलं, कुणाच्या फौजेबरोबर आलं, हे प्रत्येक घरात वेगळं सांगतात आणि प्रत्येक घराचं खरंच असतं. घरात मराठी, दारात कन्नड. मंडळाचं काम सोपं होतं: गणपती, कोजागिरीचं दूध, वर्षातून एक नाटक आणि त्या नाटकावरून सहा महिने भांडण. मग नव्वदीच्या सुरुवातीला पुण्यामुंबईची कंप्युटरवाली मंडळी बंगळूरला यायला लागली आणि आम्हाला कळलं की आम्ही जे बोलतो ते मराठी नव्हेच. ‘तुमचं मराठी किती गोड आहे हं!’ असं म्हणायची ती. गोड म्हणजे चुकीचं, हे समजायला मला वर्ष लागलं. समजल्यावर मी मुद्दाम आणखी गोड बोलायला लागले.

त्या मंडळींतलाच एक युवा शाखेचा प्रमुख झाला. जयनगरला भाड्याने राहायचा, मोटारसायकल होती आणि प्रत्येक वाक्य ‘बेसिकली’ने सुरू करायचा. त्याच्या पाठीमागे आम्ही त्याला पुणेकर म्हणायचो, तोंडावर सर. मी चिटणीस. चिटणीस म्हणजे इतिवृत्त लिहायचं आणि चहाचे कप मोजून परत करायचे. माझं अक्षर बरं होतं, आणि शाखेत मुली दोनच होत्या. दुसरी नाटकात नायिका असायची. तिला कप मोजायला कोण सांगणार?

झाडांचं प्रकरण मंडळात आणलं मीच. त्यामुळे दोष दुसऱ्या कुणाला देत नाही. थोडा देते.

व्हाइटफील्डच्या अलीकडच्या एका खेड्यातून एक बाई आमच्या गल्लीत चिंच घेऊन यायची. निम्मी पाटी मार्केटात विकायची, निम्मी आमच्याकडे. आई तिला अक्का म्हणायची, म्हणून आम्हीही अक्का. तिच्या गावाबाहेर वीस चिंचांचा तोपु होता. तोपु म्हणजे गावाची सामायिक झाडी. जमीन सरकारची, सावली सगळ्यांची, आणि जे घर राखण करेल त्याला चिंच, असा गावाचा रिवाज. राखण अक्काच्या सासऱ्यापासून तिच्या घराकडे होती. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन लांब. त्या वीस झाडांवर तिचं वर्ष निघायचं. एक दिवस ती पायरीवर टेकली आणि आईला म्हणाली, “तोपुत कुणीतरी हद्दीचे दगड पुरलेत. लेआउट होणार म्हणे, घरांचे प्लॉट. झाडं गेली तर मी काय विकू, पाला?”

आई म्हणाली, “अय्यो.” मी म्हणाले, “अक्का, काळजी करू नका, आमची युवा शाखा आहे!” इतकं मूर्ख वाक्य मी त्यानंतर आयुष्यात एकदाच बोलले, तेही लग्न ठरताना.

शाखेत मी हा विषय मांडला तेव्हा पुणेकराचे डोळे असे लकाकले की मला आधी वाटलं, त्याला अक्काचं वाईट वाटलं. “बेसिकली हा लँड ग्रॅबिंगचा क्लासिक प्रकार आहे,” तो म्हणाला आणि फळ्यावर खडूने तीन वर्तुळं काढली. एकात ‘जनजागृती’, दुसऱ्यात ‘डॉक्युमेंटेशन’, तिसऱ्यात ‘प्रेस’. अक्का कुठल्या वर्तुळात बसते, असं मी विचारलं. ती सगळ्याच्या मध्यभागी आहे, असं तो म्हणाला, पण तिथे त्याने काही लिहिलं नाही.

जनजागृती म्हणजे पथनाट्य. आम्ही आठ जण रविवारी बस धरून त्या गावात गेलो आणि देवळासमोर डफ वाजवून नाटक केलं. नाटक मराठीत. गावात कन्नड आणि तेलुगू. हे आम्हाला सुचलं नाही असं नाही, मी म्हटलंसुद्धा होतं. पण भाषांतर केलं तर यमकं जातील, असं नायिकेचं म्हणणं पडलं. गावकरी माणसं चांगली. मुलं, म्हातारे, एक गाय, सगळे शेवटपर्यंत बसले. झाड झालेला आमचा खजिनदार कुऱ्हाड लागून कोसळला तेव्हा त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. शेवटी एक आजोबा माझ्याजवळ आले आणि गोळ्या कधी वाटणार म्हणून विचारू लागले. त्यांना वाटलं आम्ही आरोग्य खात्याकडून आलोय. पुणेकराने अहवालात लिहायला सांगितलं, ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’. मी लिहिलं.

मग डॉक्युमेंटेशन. पुणेकराचं म्हणणं असं, की ज्याची नोंद नाही ते वाचवता येत नाही. प्रत्येक झाडाला नंबर द्यायचा, घेर मोजायचा, यादी करायची आणि ती अर्जाला जोडून सरकारी ऑफिसात द्यायची. ऐकायला इतकं शहाणं वाटत होतं की मी मान डोलावली. शिवाय मोजायचं म्हणजे माझं घरचं काम. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, शिंपीकामाचं दुकान. मी दुकानातली टेप उचलली, वही उचलली. झाडाचा घेर छातीच्या उंचीला घ्यायचा असतो, हे पुणेकराने पुस्तकात वाचलं होतं. “छातीचा घेर तर आम्ही तीन पिढ्या घेतोय,” मी म्हणाले. तो हसला नाही. पहिल्याच चिंचेला टेप पुरेना, म्हणून दोन टेपा पिनेने जोडल्या. ब्लाउजच्या मापाला इतकी टेप कधी लागली नसेल.

पांढऱ्या ऑइल पेंटचा डबा उघडला आणि अक्का झोपडीतून बाहेर आली. हातात झाडू.

“आकडे कशाला घालताय?” तिने विचारलं. “आकडे घालतात ते तोडायला. माझ्या माहेरी घातले होते.”

पुणेकर इंग्रजीत काही म्हणाला, खजिनदार हिंदीत. अक्का झाडाला पाठ लावून उभी राहिली. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण त्या दिवशी आलेल्यांत जुन्या घरातली मी एकटीच, कन्नड फक्त मला येत होतं. आणि काय सांगू, मला त्या क्षणी फार बरं वाटलं. माझं गोड मराठी नको होतं, माझं कन्नड लागत होतं! मी अक्काचा हात धरला. म्हटलं, “अक्का, रेशनकार्डाला आकडा असतो, मताच्या यादीत आकडा असतो. ज्याला आकडा आहे त्याची सरकारदरबारी मोजदाद आहे. तुमच्या झाडांना आकडा नाही म्हणूनच कुणीही येऊन दगड पुरतो. उद्या एक जरी झाड कमी झालं तर आम्ही विचारू, हे अमुक नंबरचं झाड कुठे गेलं?” असं स्वल्प नाही, चांगलं अर्धा तास बोलले. इतकं छान मी पुढे मुलाच्या शाळेच्या ॲडमिशनलाही बोलले नाही.

अक्का ऐकत होती. तिला पटलं नाही, हे मला दिसत होतं. पण आईच्या पायरीवर इतकी वर्षं बसलेली बाई, त्या घरच्या मुलीला किती वेळ नाही म्हणणार? “तू म्हणतेस ना,” ती म्हणाली, “सरी, बरं. घाल.” आणि झाडू घेऊन आत गेली. पुणेकर गाडीला टेकून म्हणाला, “ग्रेट! लोकल कनेक्ट!”

रस्त्याच्या बाजूने सुरुवात करून मी एक ते वीस आकडे घातले. यादी कन्नडमध्ये मीच लिहिली, ऑफिसात कन्नड लागतं म्हणून. नंबर, घेर, उंची, प्रकृती. शेवटी पुणेकराने आणखी एक रकाना घालायला लावला: लाकूड अंदाजे किती निघेल. “सरकारला ॲसेट व्हॅल्यू दाखवली पाहिजे,” तो म्हणाला. मी पट्टी ठेवून रेघा मारल्या, तीन प्रती काढल्या, ऑफिसात शिक्का मारून घेतला. इंग्रजी पेपरात झाडाला टेप लावतानाचा आमचा फोटो आला. माझा फक्त कोपर दिसतो. आईने तो कोपर कापून ठेवला होता.

त्यानंतर युवा शाखा नाटकाच्या तालमीला लागली. झाडं वाचलेली होती.

चार-पाच महिन्यांनी, एका सकाळी अक्का आली ती पाटी न घेता. चपलाही नव्हत्या पायात. दुकानाच्या पायरीवरूनच ओरडली, “तोडतायत! कालपासून तोडतायत!” अण्णांनी कात्री खाली ठेवली. मी शेजारच्या बूथवरून पुणेकराच्या कंपनीत फोन लावला. तो म्हणाला, बेसिकली हे फार सीरियस आहे, आणि रविवारी तातडीची बैठक बोलावली. त्या दिवशी मंगळवार होता.

मी अक्काबरोबर बसने गेले. उतरल्यावर लांबूनच कळलं, कारण तिथे नको तितकं आभाळ दिसत होतं. रस्त्याच्या बाजूची अकरा झाडं आडवी. लॉरीत ओंडके चढत होते. आणि एका ओंडक्यावर कंत्राटदाराचा मेस्त्री बसला होता, मांडीवर कागद पसरून. कागद मी ओळखला. रेघा माझ्या. अक्षर माझं. झेरॉक्स जरा काळी आली होती, एवढंच.

मेस्त्री भला माणूस. मी कोण ते त्याला ठाऊक नव्हतं. मी विचारलं तेव्हा त्याने सगळं मोकळेपणाने सांगितलं. लेआउटवाल्याने झाडं तोडायच्या परवानगीचा अर्ज कधीच टाकला होता. पण तोडीची परवानगी द्यायची तर आधी झाडांना नंबर घालावे लागतात, मापं घ्यावी लागतात, आणि ऑफिसात त्याला माणूस नव्हता. फाईल पडून होती. मग कुणीतरी आयती यादी आणून दिली. “काय यादी आहे ताई!” तो म्हणाला. “खात्याची यादी निम्मी चुकीची असते. ही बघा, लाकूडसुद्धा काढून दिलंय. कुणी शिकलेल्या माणसाने केलीय.”

मला लाज वाटली म्हणू, की राग आला म्हणू? दोन्ही आलं, आणि त्याहून मोठी भीती, कारण अक्का माझ्या मागे उभी होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. तिने मला एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “अजून नऊ आहेत.”

मी मेस्त्रीला विचारलं, बाकीची कधी तोडणार. लॉरी भरली की आज बंद, तो म्हणाला, उरलेली उद्या. मग मी उगाच विचारल्यासारखं विचारलं, “आणि एखाद्या झाडावर नंबर नसला तर?”

त्याने जीभ चावली. “हात नाही लावत. यादीतला नंबर आणि झाडावरचा नंबर जुळलाच पाहिजे. एकदा बिननंबराचं एक झाड पाडलं तर साहेबाने लॉरी जप्त केली होती.”

दुपारी तीनच्या सुमारास लॉरी गेली, माणसं गेली. अक्काने झोपडीतून दोन कोयते आणले. एक माझ्या हातात दिला. आम्ही बाराव्या झाडापासून सुरू केलं. ऑइल पेंट मी घातला होता दोन-दोन हात, पावसाने जाऊ नये म्हणून! खरवडून निघेना. साल तासावी लागली. माझ्या तळव्यांना फोड आले, अक्काला काही झालं नाही. मध्येच ती थांबली की मला वाटायचं, आता बोलेल. पण ती कोयत्याला धार लावायची आणि पुढच्या झाडाकडे जायची. आकडे तासून झाल्यावर ती जागा उठून दिसत होती, म्हणून तिने शेण आणून लिंपलं. दिवस मावळायच्या आत नऊ झाडं बिननंबराची झाली.

दुसऱ्या दिवशी मेस्त्री यादी घेऊन झाडांभोवती फिरला, डोकं खाजवलं आणि निघून गेला. मला आजही वाटतं, त्याला शेणाचा वास आला असणार. फाईल ऑफिसात परत गेली. पुन्हा नंबर घालायचे तर माणूस पाहिजे, आणि माणूस नव्हता. सरकारी आळसाला मी त्या दिवसापासून नावं ठेवत नाही.

पण आमच्याकडे माणसं होती ना! रविवारी जयनगरला पुणेकराच्या गच्चीवर तातडीची बैठक भरली. तो शनिवारी गाडीवरून जाऊन आला होता. चेहरा गंभीर. “मित्रांनो,” तो म्हणाला, “अकरा झाडं गेली, त्याचा निषेध आहेच. पण त्याहून धक्कादायक म्हणजे उरलेल्या झाडांवरचे आपले नंबर समाजकंटकांनी तासून काढलेत. साली जखमी केल्यात. आपलं सगळं डॉक्युमेंटेशन पुसलं गेलंय.” खजिनदार म्हणाला, शेम शेम. नायिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. ती चांगली नटी होती. मग ठराव आला: एक, समाजकंटकांचा निषेध. दोन, येत्या रविवारी जाऊन झाडांना पुन्हा नंबर घालणे. या वेळी लाल रंगात, आणि पत्र्याचे बिल्ले ठोकून. तीन, सुधारित यादी ऑफिसात सादर करणे. सर्वानुमते.

मी इतिवृत्त लिहीत होते. ‘सर्वानुमते’पर्यंत लिहिलं. मग उभी राहिले.

“समाजकंटक मी आहे,” मी म्हणाले. “मी आणि अक्का. तासले आम्ही आकडे. आणि सर, तुमची ती यादी हातात घेऊनच अकरा झाडं पाडली. मी लिहिलेली यादी. तुमचा तो लाकडाचा रकाना बघून मेस्त्रीला आनंद झालाय, तुम्हाला शाबासकी सांगितलीय त्याने!”

मेस्त्रीने शाबासकी त्याला दिली नव्हती. पण मी रागात होते.

खालच्या घरात कुकरची शिट्टी झाली. पुणेकर म्हणाला, “बेसिकली, भावना समजतात. पण हा निर्णय तुम्ही एकटीने घ्यायला नको होता. कमिटीसमोर आणायला हवा होता.” खजिनदाराने मान हलवली आणि म्हणाला, घटनेत तसं आहे. कुणी अक्काचं नाव काढलं नाही. कुणी विचारलं नाही, ती आता खाते काय. नायिका म्हणाली, पण मग आपण पेपरात काय सांगायचं?

तेव्हा माझं डोकं फिरलं. वहीत मूळ यादी होती, मापांसकट, आमच्याकडे उरलेली एकुलती एक. मी ती पानं टराटरा फाडली, चार तुकडे केले आणि समोरच्या चहाच्या किटलीत बुडवले. “येत्या रविवारी कुणी डबा घेऊन त्या गावात दिसलं,” मी म्हणाले, “तर मी लेआउटवाल्याकडे जाणार नाही, पेपरवाल्याकडे जाणार नाही, तुमच्या आयांकडे येईन.” आणि निघाले. त्या दिवशी कप कुणी मोजले, मला माहीत नाही.

त्यांनी नंबर घातले नाहीत. माझ्या धमकीला घाबरून नव्हे, पुढच्या रविवारी नाटकाचा प्रयोग होता. मंडळाने मला लेखी खुलासा मागितला, मी पाठवला नाही. पुणेकर दीड वर्षाने अमेरिकेला गेला. तिकडे तो एका मेळाव्यात आम्ही नऊ झाडं कशी वाचवली यावर बोलला, असं नायिकेच्या पत्रातून कळलं. तीही तिकडेच गेली होती, त्याच्याबरोबर. अकरा झाडांच्या जागी प्लॉट पडले, त्यांवर घरं झाली.

अक्का वर्षभर आमच्या गल्लीत आली नाही. चिंचेचा हंगाम आला तसा मला घरात बसवेना. मी बस धरून गेले. ती अंगणात बसून शेंगा फोडत होती. चिंचोके एका बाजूला, गर एका बाजूला. ढीग पूर्वीच्या निम्माही नव्हता. मी बसले, हातात शेंग घेतली आणि बसमध्ये घोकलेलं सगळं विसरले. एवढंच म्हणता आलं, “अक्का, माझं चुकलं. तुम्ही सांगत होतात आणि मी ऐकलं नाही.” आणि रडले. मुळुमुळु नव्हे, चांगली भोकाड पसरून.

तिने मला रडू दिलं. हात थांबले नाहीत तिचे. मग म्हणाली,

“अकरा गेली ती तुझ्यामुळे. नऊ राहिली तीही तुझ्यामुळे. सरी, झालं. आता माझ्यासाठी आणखी काही करू नकोस.”